वाचकांचे प्रश्न : इंग्लंडमधल्या चर्चच्या विवाहनोंदी आणि वंशशोध

मुले-मुली परदेशी स्थायिक झाल्यामुळे आणि तिकडेच सोयरिकी जुळल्यामुळे, इंग्लंडमधल्या घराण्याचा मागोवा कसा घ्यावा हे विचारणारी पत्रे अलीकडे या सदराकडे वारंवार येतात. बहुतेक पत्रांचा रोख चर्चमधल्या जुन्या विवाहनोंदींकडे असल्याने त्यांपैकी निवडक पत्रांना या वेळी एकत्र उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझी मुलगी लेस्टरला असते आणि जावई इंग्रज आहेत. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत नव्याने छापायचा आहे आणि त्यात नातवाच्या वडिलांकडच्याही काही पिढ्या याव्यात अशी इच्छा आहे. जावयांच्या घरी १८४४ सालच्या एका लग्नाचा दाखला जपून ठेवलेला आहे. त्याच्या मागचे मात्र कोणालाच काही ठाऊक नाही. पुढचा रस्ता कोणता?
— एक वाचिका, सातारा

उत्तर : आपल्याकडचा दाखला नेमका सोयीच्या काळातला आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी सुरू झाली आणि तेव्हापासून चर्चमध्ये लागलेल्या लग्नाची नोंदही सरकारने ठरवून दिलेल्या तक्त्यात होऊ लागली. त्या तक्त्यात वधूवरांची नावे, वय, आधीची वैवाहिक स्थिती, व्यवसाय आणि राहण्याचे ठिकाण यांच्याबरोबर दोघांच्याही वडिलांची नावे आणि त्यांचे व्यवसाय लिहावे लागत, आणि मागे जाण्यासाठी आपल्याला याच रकान्याचा उपयोग होणार आहे. आईच्या नावाला मात्र त्या तक्त्यात जागाच नव्हती. ती थेट मे २०२१ मध्ये मिळाली. हा विलंब कोणत्याही देशाला शोभणारा नाही, पण संशोधकाला तो गृहीत धरूनच चालावे लागते.

दाखल्यातल्या प्रत्येक शब्दावर सारखाच विश्वास टाकू नये. वयाच्या रकान्यात आकड्याऐवजी नुसते ‘पूर्ण वय’ असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ ती व्यक्ती २१ वर्षांची किंवा त्याहून मोठी होती एवढाच घ्यावा. वडिलांच्या नावापुढे ‘मृत’ असे लिहिलेले नाही म्हणून ते लग्नाच्या वेळी हयात होते असेही ठरत नाही. शिवाय, ज्यांचा जन्म विवाहबाह्य संबंधातून झाला होता अशा काही वधूवरांनी लोकलाजेस्तव या रकान्यात आजोबांचे, सावत्र वडिलांचे किंवा पूर्णपणे काल्पनिक नाव घातल्याची उदाहरणे आहेत.

यानंतर १८५१ ची जनगणना पाहावी. १८४१ च्या जनगणनेत माणूस ज्या परगण्यात राहतो तिथेच जन्मला की नाही एवढेच विचारले होते. १८५१ मध्ये जन्माचे गाव विचारले गेले. ते गाव कळले की तिथल्या पॅरिशच्या, म्हणजे आपल्याकडे वसईचे ख्रिस्ती बांधव ज्याला धर्मग्राम म्हणतात त्याच्या, नोंदवहीत बाप्तिस्म्याची नोंद शोधता येते. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या नोंदी छापील तक्त्यात होऊ लागल्यामुळे त्यांत आईवडिलांची नावे, ठिकाण आणि वडिलांचा व्यवसाय सहसा सापडतो, आणि दाखल्यातल्या वडिलांच्या व्यवसायाशी तो ताडून पाहता येतो. सगळ्या भावंडांचे बाप्तिस्मे शोधून सर्वांत थोरले मूल ठरवावे आणि तिथून मागे सरकत आईवडिलांचे लग्न शोधावे. लग्न बहुधा वधूच्या गावच्या चर्चमध्ये लागत असे. त्यामुळे मुले जिथे वाढली त्या गावात लग्नाची नोंद मिळाली नाही, तर निराश न होता आजूबाजूच्या पाच-सहा मैलांतले पॅरिश एकेक करून पाहावेत.

या टप्प्यावर वेग एकदम मंदावतो, याची तयारी ठेवावी. १७५४ ते १८३७ या काळातल्या विवाहनोंदीत वधूवरांची नावे, त्यांचे पॅरिश, लग्न चर्चमध्ये तीन रविवार केलेल्या जाहीर घोषणेने झाले की परवान्याने, पाद्री कोण होता, दोन किंवा अधिक साक्षीदार कोण होते आणि सर्वांच्या सह्या किंवा निशाण्या एवढेच मिळते. वडिलांचे नाव तिथे नसते आणि वयही सहसा नसते. नोंदवही काय सांगते हे ती ज्या कायद्याखाली लिहिली गेली त्यावर ठरते. म्हणून कोणतीही नोंद वाचण्यापूर्वी तिचे साल पाहून, त्या काळी पाद्र्याला काय लिहिणे बंधनकारक होते हे आधी समजून घ्यावे.

मूळ वह्यांसाठी गावच्या पाद्र्याला पत्र लिहिण्याची आता सहसा गरज पडत नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या १९७८ च्या नियमानुसार शंभर वर्षांहून जुन्या, वापरात नसलेल्या नोंदवह्या सामान्यतः धर्मप्रांताने नेमलेल्या अभिलेखागारात, म्हणजे बहुतेक ठिकाणी परगण्याच्या दप्तरखान्यात, जमा झालेल्या आहेत.

प्रश्न : नॉरफॉक परगण्यातल्या विल्यम टेलर नावाच्या पूर्वजाचा शोध घेतो आहे. त्याची बायको मेरी, एवढेच ठाऊक आहे. थोरल्या मुलाचा बाप्तिस्मा १७९२ चा आहे. संकेतस्थळावरच्या सूचीत १७८८ ते १७९२ या काळात विल्यम टेलर आणि मेरी यांची तीन लग्ने वीस मैलांच्या परिसरात सापडली. त्यांतले एक पॅरिश सर्वांत जवळचे आहे आणि दोन अनोळखी लोकांनी आपल्या वंशवृक्षांतही तेच घेतले आहे. ते धरून चालावे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : धरून चालू नये. अंतर जवळचे असणे हा पुरावा नव्हे, आणि दोन अनोळखी वंशवृक्ष एकसारखे असणे हा तर अजिबात नव्हे. बहुधा एकाने दुसऱ्याचे उतरवून घेतलेले असते. टेलर हे आडनाव, विल्यम आणि मेरी ही नावे आणि नॉरफॉकसारखा दाट खेड्यांचा परगणा एकत्र आल्यावर तीन जोडपी सापडावीत यात नवल नाही. खरे तर सूचीत न आलेले चौथे जोडपेही असू शकते.

सूची आणि नोंदवही या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सूची करणाऱ्याने नावे आणि तारीख उचललेली असते, पण आपल्या कामाचा मजकूर नेमका त्याने सोडलेल्या भागात असतो. तेव्हा तिन्ही नोंदींची छायाचित्रे मिळवून मूळ नोंदी पाहाव्यात. वर अविवाहित होता की विधुर, वधू कुमारी होती की विधवा, हे अनेक पाद्री लिहीत असत. एखादी मेरी विधवा असेल, तर तिचे लग्नातले आडनाव हे तिचे माहेरचे आडनाव नाही, आणि ते लक्षात न घेता शोधलेले पुढचे सगळे आजोळ खोटे ठरेल.

यानंतर सह्या पाहाव्यात. १७५४ पासून वधूवरांनी नोंदीखाली सही किंवा निशाणी करणे आवश्यक झाले. १७९० मध्ये सही करणारा विल्यम पुढे १८१५ च्या सुमारास मुलीच्या लग्नात साक्षीदार म्हणून सही करत असेल, तर त्या दोन सह्या शेजारी ठेवून तुलना करता येते, आणि इतका थेट पुरावा या क्षेत्रात क्वचित मिळतो. उलट, लग्नात फुली करणारा माणूस काही वर्षांनी सफाईदार सही करताना दिसला, तर शंका घ्यावी, पण लगेच निकाल देऊ नये, कारण लिहिता येत असूनही सगळ्यांसमोर संकोचून किंवा जोडीदाराला कमीपणा येऊ नये म्हणून फुली करणारेही असत. साक्षीदारांच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी : त्याच पॅरिशची पुढची-मागची दहा-बारा पाने चाळावीत आणि तेच नाव प्रत्येक लग्नाला साक्षीदार म्हणून दिसत असेल, तर तो नातेवाईक नसून चर्चचा कारकून आहे असे समजावे. कितीतरी वंशवृक्षांत हा बिचारा कारकून काका-मामा होऊन बसला आहे.

लग्न घोषणेने झाले असेल, तर घोषणांची वहीसुद्धा पाहावी. वधू आणि वर वेगवेगळ्या पॅरिशचे असतील, तर तीन रविवारची घोषणा दोन्हीकडे करावी लागे. त्यामुळे लग्न बाहेरगावी झालेले असले, तरी वराच्या गावच्या वहीत ‘अमुक पॅरिशच्या मेरीशी’ असा उल्लेख मिळतो, आणि आपल्या विल्यमचे गाव ठाऊक असल्यास तीन लग्नांपैकी कोणते त्याचे हे तिथेच निश्चित होऊ शकते. लग्न परवान्याने झाले असेल, तर परवान्यासाठी शपथेवर केलेला अर्ज आणि १८२३ पर्यंत त्यासोबत द्यावे लागणारे हमीपत्र शोधावे. अर्जात वय, व्यवसाय आणि अल्पवयीनांच्या बाबतीत संमती देणाऱ्या पालकाचे नाव मिळू शकते. मात्र घोषणा झाली किंवा परवाना घेतला म्हणून लग्न लागलेच असे नाही. मोडलेल्या सोयरिकी तिकडेही असतात.

शेवटचे आणि सर्वांत कंटाळवाणे, पण टाळू नये असे काम म्हणजे उरलेल्या दोन जोडप्यांचा निकाल लावणे. १७९२ नंतर त्यांपैकी एखाद्या जोडप्याला दुसऱ्याच गावात मुले होत असतील, तर ते आपले नव्हे. एखादी मेरी १७९१ मध्ये दफन झाली असेल, तर तीही नव्हे. आपले जोडपे कोणते हे सिद्ध करण्याइतकेच इतर जोडपी आपली का नाहीत हे दाखवणे महत्त्वाचे असते, आणि तसे दाखवता येत नसेल तर वंशवृक्षात त्या जागी प्रश्नचिन्ह ठेवणे हाच प्रामाणिकपणा होय.

प्रश्न : एका जोडप्याचे लग्न पॅरिशच्या वहीत ९ फेब्रुवारी १७२३ असे आहे आणि मुलाचा बाप्तिस्मा १४ डिसेंबर १७२३ असा आहे. दहा महिन्यांचे अंतर ठीक वाटले. पण दुसऱ्या एका संकेतस्थळावर तेच लग्न ९ फेब्रुवारी १७२४ असे दिले आहे. कोणते बरोबर?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत, आणि त्यामुळेच आपला दहा महिन्यांचा हिशेब चुकला आहे. इंग्लंडमध्ये १७५१ सालापर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. त्या रीतीप्रमाणे १७२३ चा डिसेंबर आधी येतो आणि १७२३ चेच जानेवारी व फेब्रुवारी त्यानंतर येतात. १७२४ साल उजाडते ते २५ मार्चला. मूळ वहीचे पान पाहिलेत, तर डिसेंबरखाली फेब्रुवारी त्याच सालात लिहिलेला दिसेल. १७५२ पासून वर्ष १ जानेवारीला सुरू होऊ लागले आणि त्याच वर्षी २ सप्टेंबरनंतरचा दिवस १४ सप्टेंबर मानून अकरा तारखा गाळण्यात आल्या. म्हणून १७५२ पूर्वीच्या १ जानेवारी ते २४ मार्च या काळातल्या तारखा १७२३/२४ अशा दुहेरी सालाने लिहिण्याची पद्धत आहे. आपणही तसेच लिहावे, म्हणजे पुढच्या वाचणाऱ्याचा घोटाळा होणार नाही.

याचा अर्थ, बाप्तिस्मा लग्नाच्या सुमारे दोन महिने आधी झाला. त्यावरून लगेच विवाहपूर्व संततीचा निष्कर्ष काढू नये. बाप्तिस्म्याच्या नोंदीची शब्दरचना पाहावी. अनौरस मुलाच्या नोंदीत पाद्री तसा स्पष्ट, बऱ्याचदा कठोर शब्दांत उल्लेख करीत असत आणि पुष्कळदा फक्त आईचे नाव लिहीत असत. नोंदीत ‘अमुक आणि त्याची पत्नी’ असे असेल, तर फेब्रुवारीतले लग्न याच नावांच्या दुसऱ्या जोडप्याचे असण्याची शक्यता अधिक आहे, किंवा पहिली पत्नी बाळंतपणात वारली आणि त्याने त्याच नावाच्या दुसऱ्या स्त्रीशी लगेच लग्न केले असेही असू शकेल. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळातल्या दफनांच्या नोंदी पाहिल्यास यातले काय खरे हे कळेल.

प्रश्न : १७४० च्या दशकात लंडनमध्ये राहणाऱ्या एका सुताराचे लग्न कुठल्याही चर्चमध्ये सापडत नाही. मुलांचे बाप्तिस्मे मात्र व्यवस्थित आहेत. लग्न झालेच नव्हते असे समजावे का?
— एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : लग्न बहुधा झाले होते, पण आपण शोधता आहात तिथे नव्हे. त्या काळी लंडनमध्ये फ्लीट नावाचा कर्जबुडव्यांचा तुरुंग होता. तुरुंगात आणि त्याच्या भोवतालच्या ठरावीक हद्दीत राहणारे काही पाद्री, जे स्वतःच कर्जापायी तिथे अडकलेले असत, घोषणा आणि परवाना यांच्या भानगडीत न पडता, आसपासच्या दारूच्या गुत्त्यांत थोड्या पैशांत लग्ने लावून देत. विवाहास दोघांची संमती असली की तो वैध ठरे, त्यामुळे ही लग्ने अनियमित असली तरी खोटी नव्हती, आणि कारागीर, खलाशी, शिपाई असे कष्टकरी लोक खर्च व गवगवा टाळण्यासाठी मोठ्या संख्येने तिकडे जात. आपला सुतार त्यांत बसतो.

या पाद्र्यांच्या आणि गुत्तेवाल्यांच्या वह्या पुढे सरकारने विकत घेतल्या आणि आज त्या लंडनमधल्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आर. जी. ७ या मालिकेत आहेत. पैसे भरून वापरायच्या संकेतस्थळांवर त्यांची छायाचित्रेही पाहता येतात. मात्र त्या वाचताना हातचे राखून विश्वास ठेवावा. मूल आधीच झालेले असल्यास पैसे घेऊन मागची तारीख टाकली जाई, नुसती आद्याक्षरे लिहिली जात आणि तेच लग्न दोन वह्यांत दोन तारखांना आढळते. हा सगळा गोंधळ थांबवण्यासाठीच लॉर्ड हार्डविक यांचा विवाह कायदा १७५३ मध्ये मंजूर झाला आणि २५ मार्च १७५४ पासून अमलात आला. त्यानंतर क्वेकर आणि ज्यू वगळता सर्वांना, अगदी कॅथलिक आणि चर्च ऑफ इंग्लंड न मानणाऱ्या इतर पंथीयांनासुद्धा, कायदेशीर विवाहासाठी चर्च ऑफ इंग्लंडच्या चर्चमध्येच जावे लागे. म्हणून १७५४ ते १८३७ या काळात पूर्वज कॅथलिक असले, तरी त्यांचे लग्न गावच्या अँग्लिकन वहीत शोधण्यास संकोच करू नये. स्कॉटलंडला हा कायदा लागू नव्हता, आणि घरच्यांचा विरोध असलेली जोडपी सरहद्द ओलांडून ग्रेट्ना ग्रीनला पळून जात, ती त्यामुळेच.

प्रश्न : या वह्यांवरून जास्तीत जास्त किती मागे जाता येते?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नियमाने १५३८ पर्यंत. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवण्याचा हुकूम दिला. लोकांना त्यात नव्या कराचा वास आला आणि पुष्कळ ठिकाणी नोंदी सुट्या कागदांवर कशाबशा झाल्या. १५९८ मध्ये या नोंदी टिकाऊ चर्मपत्रावर उतरवून काढण्याचा आदेश निघाला, पण ‘विशेषतः राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीच्या पहिल्या वर्षापासून’ असे शब्द त्यात असल्याने अनेक पाद्र्यांनी १५५८ पूर्वीची पाने सोयीस्करपणे सोडून दिली. त्याच वेळी दरवर्षी एक नक्कल बिशपकडे पाठवण्याची पद्धत पडली. मूळ वही आगीत किंवा वाळवीत गेली असेल, तर या नकला कामी येतात. मूळ वही असली तरीही त्या पाहाव्यात, कारण कधीकधी नकलेत एखादा शब्द अधिक असतो. १६४२ पासूनच्या यादवी युद्धात नोंदी विस्कळीत झाल्या, आणि १६५३ च्या कायद्याने तर काही वर्षे लग्न लावण्याचे काम पाद्र्यांकडून काढून न्यायाधीशांकडे देण्यात आले.

प्रत्यक्षात बहुतेकांचा शोध १७०० च्या आसपास अडतो. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायाच्या वहीत यजमान स्वतः येऊन आपल्या बापजाद्यांची नावे सांगतो, म्हणून तिथे पिढ्या आपोआप जोडलेल्या मिळतात. इंग्लंडच्या पॅरिशमधल्या वहीत एका दिवशी एक प्रसंग घडला एवढेच लिहिलेले असते आणि पिढ्या जोडण्याचे काम वाचणाऱ्यावर येते. १७५४ पूर्वीच्या कित्येक विवाहनोंदी म्हणजे तारीख आणि दोन नावे असतात, आणि काही निष्काळजी पाद्र्यांनी तर वधूचे नावही लिहिलेले नाही. अशा वेळी मृत्युपत्रे, परवान्याचे अर्ज किंवा जमिनीचे कागद यांची जोड मिळाली, तरच मागे जावे.

प्रश्न : माझ्या पणजीचे वडील इंग्रज होते, ते जी. आय. पी. रेल्वेत होते आणि त्यांचे लग्न १८६८ च्या सुमारास भायखळ्याच्या चर्चमध्ये झाले, असे घरात सांगतात. त्यांचे इंग्लंडमधले मूळ कसे शोधावे?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : आपण इंग्लंडमधल्या नोंदींऐवजी मुंबईच्या, पण लंडनमध्ये ठेवलेल्या, कागदांपासून सुरुवात करावी. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवल्या जात. ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात एन/३ या मालिकेत त्या अठराव्या शतकाच्या आरंभापासून जपलेल्या आहेत आणि फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर त्यांची छायाचित्रे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या या विवाहनोंदींचा तक्ता इंग्लंडमधल्या तक्त्यासारखाच असल्याने त्यात वडिलांचे नाव मिळावे. चर्च भायखळ्याचेच असेल असा आग्रह धरू नये. रेल्वेचा माणूस इगतपुरीला किंवा भुसावळलाही असू शकतो. १८६८ मध्ये लग्न करणारा माणूस १८३७ नंतर जन्मला असण्याची शक्यता बरीच आहे, त्यामुळे नाव, वय आणि वडिलांचे नाव हाती आल्यावर इंग्लंडमधल्या सरकारी जन्मनोंदींची सूची आधी पाहावी आणि पॅरिशच्या वह्यांकडे त्यानंतर वळावे. ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्या फिबिस या संस्थेची मोफत सूचीही उपयोगी पडते.

प्रश्न : हे सारे इंग्लंडला न जाता आणि फार खर्च न करता होईल का?
— एक वाचिका, पणजी

उत्तर : बरेचसे होईल. फॅमिलीसर्च हे संकेतस्थळ मोफत आहे. स्वयंसेवकांनी उतरवलेल्या पॅरिशच्या नोंदींसाठी फ्रीरेग आणि सरकारी नोंदणीच्या सूचीसाठी फ्रीबीएमडी ही दोन्हीही मोफत आहेत. लँकेशायर आणि कॉर्नवॉल या परगण्यांसाठी स्वयंसेवकांनी चालवलेली स्वतंत्र संकेतस्थळे आहेत. लंडनमधल्या १७८० ते १८३७ या काळातल्या लग्नांसाठी पॅलट यांची सूची आणि त्याआधीच्या काळासाठी बॉइड यांची सूची पाहावी, पण या दोन्ही सूचीच आहेत, आणि सूची म्हणजे नोंदवही नव्हे हे वर सांगितलेच आहे. पैसे भरायच्या संकेतस्थळाचे वर्षाचे सभासदत्व घेण्याआधी, आपल्या परगण्याच्या वह्यांची छायाचित्रे त्यांच्याकडे आहेत का हे पाहून घ्यावे, कारण प्रत्येक अभिलेखागाराने वेगवेगळ्या कंपनीशी करार केलेला आहे आणि काहींनी कोणाशीच केलेला नाही.

खर्च वाचवण्याचा एक साधा मार्ग मात्र फारसा कोणी सांगत नाही. १८३७ नंतर चर्चमध्ये लागलेल्या लग्नाचा जो दाखला सरकारकडून विकत मिळतो, त्यातला सगळा मजकूर पॅरिशच्या वहीतही असतो, कारण दोन्ही नोंदी एकाच वेळी झालेल्या असतात. त्या वहीचे छायाचित्र संकेतस्थळावर उपलब्ध असेल, तर दाखला मागवू नये; सरकारी दाखला हा नकलेवरून केलेला असल्याने त्यावर वधूवरांच्या मूळ सह्या सहसा नसतात, आणि वहीच्या पानावर त्या असतात.